गव्हाणी घुबडाचं पिल्लू सापडलंय, पंख लोंबतोय, काय करू? (शेवटचे अपडेट खाली)

रातकिडा_२
मंडळी घाईत टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. काल रात्री साडेदहाच्या सुमारास एका पडक्या गोदामाच्या भिंतीलगत हिस्स्स असा आवाज आला, मला आधी सापच वाटला म्हणून दोन पावलं मागे सरकलो. टॉर्च मारला तर बदामाच्या आकाराचं पांढरं तोंड आणि दोन काळे डोळे माझ्याकडे बघतायत. गव्हाणी घुबड आहे, पिल्लूच आहे कारण पोटावर अजून कापसासारखी लव आहे, पण पंखांची पिसं बऱ्यापैकी आलीत. डावा पंख खाली लोंबतोय. वर भोक दिसतंय भिंतीत, पण चांगलं दोन मजले उंच.
खोक्यात ठेवलंय. पंख हलू नये म्हणून मोठा रुमाल अंगाभोवती गच्च बांधलाय. ड्रॉपरने थोडं पाणी पाजलं. सकाळपासून चोच उघडी ठेवून श्वास घेतंय, तहान लागली असेल का? अजून पाणी देऊ का? दूध चालेल का?

पिसारा
रुमाल सोडा. आत्ता. बाकीचं नंतर वाचा.

पिसारा
सोडलात असं धरून पुढे लिहिते. आपल्यासारखा श्वासपटल पक्ष्यांना नसतो. त्यांच्या छातीचं हाड पुढे मागे हलतं तेव्हा हवा आत बाहेर होते. छाती गच्च आवळली की ते पिल्लू अक्षरशः घुसमटतं. चोच उघडी आहे ती तहानेने नाही, रुमालाने किंवा भीतीने.
पाणी तोंडात घालायचं नाही. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या अगदी मुळाशी उघडते, ड्रॉपरचं पाणी सरळ तिथे जाऊ शकतं. दूध तर नकोच नको. खायलाही काही देऊ नका. गारठलेल्या आणि अंगातलं पाणी कमी झालेल्या पक्ष्याच्या पोटात मांस गेलं की ते पचत नाही, तिथेच कुजतं. आधी ऊब, मग सलाईन, मग खाणं हा क्रम आहे आणि त्यातलं दुसरं जाणकाराचं काम आहे.
तुम्ही फक्त एवढं करा: झाकणवाला पुठ्ठ्याचा खोका, बाजूला भोकं, तळाला जुना टॉवेल, अंधार, शांतता. तारेचा पिंजरा अजिबात नको, पिसं झिजतात तारेला. दर दहा मिनिटांनी उघडून बघायचा मोह आवरा, तुम्ही त्याच्या दृष्टीने त्याला खायला आलेला भलामोठा प्राणी आहात. आणि वन्यजीव केंद्र किंवा पक्ष्यांचं काम करणारा व्हेट शोधून आजच पोचवा. बऱ्याच देशांत जंगली पक्षी परवानगीशिवाय घरी ठेवणं गुन्हाही आहे, ते वेगळंच.

रातकिडा_२
सोडला. दोन मिनिटांत चोच मिटली. मला रडूच आलं हो ताई, मी रात्रभर त्याला तसंच ठेवलं होतं :(

उंबरठा
रडू नंतर, आधी पत्ता शोधा. वाचतोय.

माळढोक_फॅन
एक शंका, नेमका पिसाराताईंना विरोध नाही. जमिनीवर दिसलेलं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं असं आपण नेहमी सांगतो ना? बऱ्याच घुबडांची पिल्लं उडता यायच्या आधीच ढोलीबाहेर पडून फांद्यांवर फिरतात, खाली पडली तर चोच आणि नख्या रोवत परत झाडावर चढतात. लोक उचलून आणतात ते उगाच. शिवाय माणसाच्या वासाने आईबाप टाकून देतात हेही थोतांड आहे, पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. मग परत भिंतीतल्या भोकात ठेवता आलं असतं ना?

पिसारा
धडधाकट असतं तर पहिलं तेच करायला सांगितलं असतं. घरट्यात परत ठेवणं हा सगळ्यात चांगला रिहॅब, आपल्यापेक्षा त्याची आई केव्हाही बरी. पण दोन गोष्टी. एक म्हणजे पंख लोंबतोय. दुसरं, झाडावर परत चढायची ही कसरत इतर घुबडांची, गव्हाणी मात्र भिंतीच्या भोकात, माळ्यावर, कपारीत राहणारं. त्याचं पिल्लू एकदा तळाला पडलं की परत वर जाणं मुश्कील, आणि खाली पडलेल्या पिल्लाला त्याचे आईबाप बऱ्याचदा भरवतही नाहीत. त्यांच्या लेखी खायला मागणारं पिल्लू घरट्यात असतं, घरट्याबाहेरचं मोजणीतच नाही.

रातकिडा_२
अपडेट. दुपारी केंद्रात पोचवलं. एक्स-रे काढला. पुढच्या हातात (म्हणजे पंखात, पण रचना आपल्या हातासारखीच आहे हे मला आज कळलं) दोन हाडं असतात, त्यातलं जाड हाड मोडलंय, बारीक शाबूत आहे. वजन २६२ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले वय साधारण सात आठवडे असावं आणि या वयाला हे वजन कमीच आहे, आदल्या काही दिवसांतही खायला नीट मिळालं नसणार. डोळ्यांत प्रकाश टाकून बराच वेळ बघत होते. कानही तपासले. पिसं बाजूला केली तर कानाचं भोक केवढं मोठं असतं हो, मी दचकलोच! आणि एक वर एक खाली!

बिनपंखी
मी व्हेट आहे, घुबडं मोजकीच हाताळलीत पण पक्ष्यांची हाडं भरपूर. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. दोनातलं एक हाड शाबूत असलं की तेच शेजारच्याला खपाचीचं काम करतं, बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. दोन्ही मोडली असती किंवा मोड सांध्याला लागून असता तर चित्र वेगळं होतं. इंग्रजी आठच्या आकाराची पट्टी बांधतात, ती फक्त पंखाभोवती, छातीभोवती नाही (रातकिडा, नोंद घ्या :)). पक्ष्यांची हाडं झपाट्याने जुळतात, दोन ते तीन आठवड्यांत पकड येते.
पण खरी भानगड हाडाची नसतेच. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा एक पडदा असतो, पंख बरेच दिवस मिटून बांधला की तो आखडतो. हाड छान जुळलेलं, एक्स-रे बघून आपण खूश, आणि पंख पूर्ण उघडतच नाही. म्हणून दर काही दिवसांनी पट्टी सोडून, हलकी भूल देऊन पंख हळूहळू ताणावा लागतो. 'पट्टी बांधा आणि तीन आठवड्यांनी या' असं कुणी सांगितलं तर दुसरं दार ठोठवा.
डोळे तपासले ते उत्तम केलं. धडकेत मागचा पडदा सुटलेला असतो आणि बाहेरून डोळा टकाटक दिसतो.

कोरा_कागद
मी जरा वेगळं बोलू का, रागावू नका. एवढा सगळा उपद्व्याप करून शेवटी सोडायचंच असेल तर जंगलात ते किती दिवस जगणार? इतक्या लहानपणी माणसाच्या हाती आलंय तर पाळलेलं काय वाईट? व्हिडिओंमध्ये घुबडं डोकं खाजवून घेतात, डोळे मिटून मस्त बसतात. रातकिडांनाही त्याचा लळा लागलेला दिसतोय.

सावळी
कागददादा, रागावत नाही पण माझी गोष्ट सांगते, कधी कुणाला सांगितली नाही.
वीस एक वर्षांपूर्वी मी पिंगळ्याचं पिल्लू वाढवलं होतं. मुठीएवढं. तेव्हा कुणाला विचारायचं हेही माहीत नव्हतं. कोंबडीच्या मांसाचे हाडं काढलेले मऊ मऊ तुकडे प्रेमाने चारले, पिल्लू आहे त्याला हाडं टोचतील म्हणून. दिसायला छान गुबगुबीत झालं. हाताचा आवाज आला की धावत यायचं, हो धावत, कारण उडायचं वय आलं तरी उडेना. एक दिवस लक्षात आलं की पाय धनुष्यासारखे वाकलेत. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, हाडं काचेसारखी पारदर्शक दिसत होती, दोन ठिकाणी आपोआप मोडून जुळलेली. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. उंदीर अख्खा पाहिजे, हाडं, कातडी, केस, आतडी सगळ्यासकट.
ते पुढे फार जगलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते शेवटपर्यंत माझ्याकडे बघून आनंदाने ओरडायचं.

कोरा_कागद
सॉरी. मला हे माहीत नव्हतं.

पिसारा
सावळी, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं गं. मी स्वतः पहिल्या वर्षी काय काय केलंय ते इथे लिहिणार नाही.
कागद, तुमच्या प्रश्नात दम आहे म्हणून नीट उत्तर देते. लहानपणी ज्याचं तोंड बघत खाल्लं ते आपल्या जातीचं, अशी पिल्लाची समजूत होते. कॉनराड लोरेंझच्या मागे मागे जाणारी हंसाची पिल्लं आठवतात ना, तोच प्रकार. हे एकदा पक्कं झालं की पुसता येत नाही. मोठं झालं की ते घुबडाशी जोडी जमवत नाही, माणसाशी जमवायला जातं. माणसाच्या डोक्यावर उतरतं, हद्दीवरून भांडतं, नख्या मारतं. लोक म्हणतात पिसाळलं. पिसाळत वगैरे नाही, त्याला तुम्ही त्याच्यातलेच वाटता.
रातकिडांचं पिल्लू सात आठवडे आईबापाकडे होतं म्हणून सुदैवी. ते आपल्याला बघून फुसकारतं, डोकं खाली घालून पंख फेंदारून डुलतं, चोच कटकटवतं. हे टिकवायचं आहे. आमच्याकडे दोन आठवड्यांची पिल्लं येतात तेव्हा चेहऱ्यावर जाळी ओढतो, घुबडाच्या तोंडाचं हातमोजं घालून भरवतो, आणि जमेल तितक्या लवकर त्याच वयाच्या दुसऱ्या पिल्लांत किंवा पिंजऱ्यातल्या मोठ्या मादीपाशी सोडतो. बोलायचं नाही. नाव ठेवायचं नाही.

उंबरठा
नाव ठेवायचं नाही हे 'नावं ठेवायची नाहीत' असं वाचलं आणि म्हणलं या संस्थळावर हे कसं जमणार.

रातकिडा_२
नाव ठेवलं होतं मनात. सांगत नाही.
आता मी आठवड्यातून तीनदा केंद्रात जातो, ट्रे धुणे, पेपर बदलणे, उंदीर मोजणे. १७ नंबर म्हणतात त्याला. रात्रीला तीन चार पांढरे उंदीर खातंय, मेलेले, थंडगार कपाटातून काढून वितळवलेले. सकाळी ट्रेमध्ये काळी चकचकीत गोळी पडलेली असते, अंगठ्याएवढी. पहिल्यांदा मला शी वाटली होती. ती तोंडातून टाकलेली असते, न पचलेले केस आणि हाडं. सुकल्यावर चिमट्याने उलगडली तर आत चार कवट्या अखंड, पांढऱ्या केसांत गुंडाळलेल्या, जणू कुणी पार्सल केल्यात. आता तर मी येताना आधी गोळी बघतो. गोळी नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय.

सावळी
उंदीर घरातले पकडलेले देत नाहीत ना? एका ओळखीच्यांनी तसं केलं होतं.

बिनपंखी
महत्त्वाचा मुद्दा. ब्रोडिफॅकम, ब्रोमॅडिओलोन ही उंदीरनाशकं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, म्हणजे घुबडाला आयतंच सोपं भक्ष्य. तसे चार उंदीर खाल्ले की विष घुबडाच्या यकृतात साठतं, मग साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. वेळेत आलं तर व्हिटॅमिन के१ देऊन वाचवता येतं, आठवडे चालतं ते. कबुतराचं ताजं मांसही नको, त्यांच्या घशातल्या जंतूने घुबडाच्या तोंडात पिवळे चट्टे येतात.

रातकिडा_२
तीन आठवडे झाले. पट्टी कायमची निघाली. हाड जुळलंय, पंख उजव्यापेक्षा बोटभर कमी उघडतोय म्हणे, ताणणं चालू. वजन ३१८.
आज मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. मी कॅमेऱ्यावरच बघतो, आत जायला मला मनाई आहे. दहा मिनिटं नुसतं जमिनीवर बसलं, मग उडी मारली आणि कुणी ओला टॉवेल फेकावा तसं भिंतीवर जाऊन पडलं. मी स्क्रीनसमोर 'अरेरेरे' करून ओरडलो, शेजारी उभ्या असलेल्या ताई शांतपणे म्हणाल्या, छान, दोन्ही पंख सारखे मारले.

माळढोक_फॅन
मस्त! उडण्याचा आवाज येतो का हो? घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला फणीसारखे दाते असतात आणि वरून मखमल, त्यामुळे हवा कापल्याचा आवाज विरतो. एखादं पीस तुटलं वा झिजलं की आवाज यायला लागतो म्हणतात.

पिसारा
हो, आम्ही डोळे मिटून ऐकतो. फडफड ऐकू आली तर सोडत नाही. उंदराला ऐकू जाईल हा एक भाग, घुबडाला स्वतःलाच काही ऐकू येणार नाही हा दुसरा. तुटलेल्या पिसाच्या बुंध्यात गळून पडलेलं जुनं पीस बारीक काडी घालून जोडता येतं, बहिरीससाणे पाळणाऱ्यांची ही शेकडो वर्षं जुनी युक्ती. नाहीतर पुढच्या पीसगळीपर्यंत वाट बघा, आणि तितके महिने पिंजरा.

रातकिडा_२
सहावा आठवडा. टॉवेल आता घुबड झालाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं, वळतं, वरच्या दांडीवर बसतं, आणि ताई खरंच आवाज येत नाही हो. कॅमेऱ्यात वाटलं माइक बंद पडलाय.
एक सांगायचंय. काल पाण्याची थाळी बदलायला मला मिनिटभर आत जाऊ दिलं. ते वरच्या दांडीवर होतं. मला बघून असं फुसकारलं की बस्, आणि जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन पाठ फिरवून बसलं. मान मात्र मागे वळवून माझ्यावरच नजर. रात्री बाहेर पायरीवर बसलो थोडा वेळ. मी आणलंय याला, असं मनात येतंच ना.

उंबरठा
येतंच. दहावीनंतर आमचा मुलगा पण असाच बसायचा.

कोरा_कागद
आता पुढची पायरी काय? जिवंत उंदीर द्यावे लागतात असं वाचलं. माझ्याच्याने हे बघवणार नाही खरं सांगतो. उंदराने काय पाप केलंय?

पिसारा
काही पाप केलेलं नाही. मलाही बघवत नाही, बारा वर्षं झाली तरी. पण ताटात मेलेला उंदीर मिळेल या भरवशावरचं घुबड बाहेर सोडलं तर ते आठवड्याभरात उपाशी मरतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. म्हणून ही परीक्षा. उंच काठाची मोठी परात, तळाला वाळलेली पानं, आणि पूर्ण अंधार. पानं यासाठी की त्याने कानाने पकडलं पाहिजे. रॉजर पेन, तेच ते देवमाशांच्या गाण्यांमुळे प्रसिद्ध झालेले, त्यांनी आधी गव्हाणी घुबडावरच काम केलं होतं, १९७१ मध्ये निबंध आला. ठार अंधाऱ्या खोलीत पानांवरून उंदीर चालला की घुबड नुसत्या आवाजावर नेमकं झेपावायचं. एका कानात बोळा घातला की नेम चुकायचा. म्हणून तर पहिल्या दिवशी कान तपासतो. एक वर एक खाली असलेले ते कान, त्यांतल्या आवाजाच्या फरकावरच सगळं चालतं.
लागोपाठ काही रात्री स्वतः मारून खाल्लं आणि वजन टिकलं तर पास.

रातकिडा_२
पहिली रात्र: परातीच्या काठावर बसून तीन तास नुसतं मान डोलावून ऐकलं. उंदीर सकाळी ठणठणीत.
दुसरी: झेप मारली, पानं पकडली. मूठभर पानं घेऊन वर गेलं आणि बराच वेळ ती घट्ट धरून बसलं, बहुतेक त्यालाही विश्वास बसेना.
तिसरी: एक.
चौथी: तीन. पाचवी: चार. सहावी: चार आणि वजन ३३१.
(कागद, तिसऱ्या रात्री मी स्क्रीनकडे पाठ केली होती.)

बिनपंखी
अभिनंदन! सोडताना एकदम दार उघडून टाटा करणार की हळूहळू?

पिसारा
हळूहळू. मोठं घुबड असतं आणि थोडेच दिवस आत असतं तर जिथे सापडलं तिथेच संध्याकाळी सोडून मोकळे झालो असतो, त्याला त्याचा इलाका पाठ असतो. याला काहीच माहीत नाही. मोकळ्या गवताळ जागेच्या कडेला, रहदारीच्या रस्त्यापासून लांब, उंचावर पेटी बसवलीय, पुढे जाळीचा छोटा पिंजरा. दोन आठवडे तिथेच बंद ठेवून आजूबाजूचं बघू द्यायचं. मग पाऊस नाही, वारा नाही अशी संध्याकाळ बघून जाळी काढायची आणि निघून यायचं. दिवसा अजिबात नाही, कावळे फाडून खातात. ट्रेवर रोज रात्री उंदीर ठेवत राहायचं, ते यायचं बंद होईपर्यंत.

रातकिडा_२
काल जाळी काढली. मी सत्तर एक पावलांवर झुडपामागे. काळोख पडला तरी काही नाही. डास. मग पेटीच्या दारात पांढरं तोंड, तसंच, पहिल्या रात्रीसारखं. एकदम खाली सुटलं, गवताच्या जरा वरून, आणि दिसेनासं झालं. फोटो नाही. मोबाईल खिशातच राहिला.

सावळी
रडवलंत.

रातकिडा_२
दिवस ५. ट्रेवरचे उंदीर रोज जातायत. पण ते मांजरानेही नेले असतील, काय माहीत. पेटीत कुणी दिसत नाही. झोप नाही मला.

रातकिडा_२
दिवस ९. ट्रेवर चारपैकी तीन उंदीर तसेच. लोकहो हे चांगलं की वाईट???

पिसारा
पेटीखाली बघा. गोळी आहे का?

रातकिडा_२
आहे! ओली, काळी, ताजी. घरी आणून पेपरवर उलगडली. यात पांढरे केस थोडेच आहेत, बाकी सगळे करडे, आखूड, मऊ. दोन कवट्या आहेत. एक आपल्या उंदराची, पुढे छिन्नीसारखे दात, मग मोकळी जागा. दुसरी लांबट निमुळती, टोकापासून मागपर्यंत सलग बारीक टोकदार दात. ही उंदराची नाही.

माळढोक_फॅन
चिचुंद्री! ती उंदरांतली नाहीच मुळी. गव्हाणीच्या गोळ्यांत नेहमी सापडते.

उंबरठा
आनंदावर विरजण नाही घालत, पण ती गोळी दुसऱ्याच घुबडाची नसेल कशावरून?

रातकिडा_२
पांढरे केस. पांढरा उंदीर त्या माळावर आमच्या ट्रेशिवाय कुठे मिळणार, आणि चिचुंद्री आम्ही कधी दिलीच नाही. दोन्ही एकाच गोळीत.

उंबरठा
मानलं.

पिसारा
उद्यापासून ट्रेवर दोनच ठेवा.